काळ्या दगडांचं रिंगण

अंधेरीत गिल्बर्ट हिलच्या पायऱ्या चढून गावदेवीच्या देवळापाशी बसा. खाली गाड्यांचा आवाज चालू राहील, तो राहू द्या. तळहात खडकावर टेका. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा. श्वास संथ होऊ द्या.

अशाच काळ्या पाषाणाचे धोंडे विदर्भात माणसांनी वर्तुळात मांडले आहेत. नागपूरजवळ जुनापाणीला अशी सुमारे ३०० शिळावर्तुळं आहेत. काळ साधारण इ.स.पू. १००० नंतरचा, लोहयुगातला. एक धोंडा मनात उभा करा. त्याच्यावर कुणीतरी घासून घासून वाटीसारखे गोल खळगे केले आहेत. त्या खळग्यात बोट ठेवा. घाई नको.

आता विचार येऊ द्या: इतके जड धोंडे कुणी ओढून आणले? ही वर्तुळं मृतांना पुरलेल्या जागांभोवतीची. ती पुष्कळ, राहत्या वस्त्या मात्र मोजक्या. त्यामुळे ती मांडणाऱ्यांतले बरेच लोक गुरं घेऊन फिरणारे असावेत, असं अनेक अभ्यासक मानतात. विदर्भातच नायकुंडला घरं मिळाली, लोखंड गाळायची भट्टीही मिळाली, म्हणजे काही जण एका जागी टिकून होते. पण ज्यांची वर्षभर पांगापांग, त्यांना एकत्र आणणारं काय असेल? मला वाटतं, मरण. कुणी गेलं की वाटा वळत असतील, शेकडो हात एकाच धोंड्याला लागत असतील.

इथे थोडं थांबा.

नागपूरजवळच्याच माहुरझरीला पुरातत्त्वज्ञ शां. भा. देवांच्या उत्खननात मृतांबरोबर पुरलेले घोडे सापडले. घोड्याच्या तोंडावर तांब्याच्या पत्र्याचा साज होता, आणि हाडांवर कापल्याच्या खुणा. असा घोडा सगळ्यांच्या वाट्याला येत नव्हता. तो साज घडवणारा कारागीर, तो मिळवणारा मालक, बळी देणारे, पाहणारे. लहानमोठेपण इथे स्पष्ट दिसतं. राजवाडा नाही, तट नाही, तरी मान आहे, कसब आहे, दूरवरची देवघेव आहे. ज्यांच्या मागे घरं उरली नाहीत त्यांना आपण रानटी समजतो. तो समज खडकावर हात असतानाच सोडून द्या.

डोळे उघडा. नागपूरला जाणं झालं तर काटोल रस्त्याने जुनापाणीला जा. वर्तुळाभोवती हळू चाला, आणि एकही दगड जागचा हलवू नका.