विसावा न मागणारी हिरवळ

गोल्फच्या मैदानावर ज्या छिद्रात चेंडू अखेर पोहोचवायचा, त्याच्या सभोवतालच्या अगदी आखूड कापलेल्या हिरवळीला 'ग्रीन' म्हणतात. छिद्राचा व्यास सव्वाचार इंच. हे माप १८९१ साली ठरले. शेवटचा हलका फटका साधणे हे या खेळातले अवघड कसब आहे. त्याचा सराव घरीच करता यावा म्हणून अमेरिकेत कित्येक कुटुंबे आपल्या परसात कृत्रिम गवताचे ग्रीन करून घेतात. ते बारा महिने तयार असते. यात वावगे ते काय, असे कोणीही विचारील. आम्हांलाही प्रथम तसेच वाटले. परंतु विचार करू लागलो तसा हा लहानसा प्रश्न मोठा होत गेला.

हे ग्रीन तयार कसे होते ते आधी पाहू. परसातली माती चारसहा इंच खणून काढतात. तिच्या जागी खडी घालून यंत्राने ती ठोकून घट्ट बसवतात. वर दगडाची बारीक कच पसरून हवे तसे चढउतार देतात आणि छिद्राच्या जागी कप बसवतात. मग गालिच्यासारखे गवत अंथरून त्याचे सांधे चिकटवतात व पात्यांमध्ये वाळू भरतात. पाणी, खत, कापणी यांपैकी कशाचीच गरज उरत नाही.

'खोटे ते खोटेच' असा निकाल देऊन आपण मोकळे होऊ शकतो. पण तो निकाल न्याय्य ठरेल काय? नेवाडा राज्यातील लास वेगास हे वाळवंटातले शहर. तेथे वर्षाकाठी जेमतेम चार इंच पाऊस पडतो. आपल्याकडे तेवढा जुलैच्या एखाद्या दिवसातच कोसळतो. शहराची तहान मुख्यतः कोलोराडो नदी भागवते, आणि ही नदी एवढी उपसली जाते की बहुतेक वर्षी ती मेक्सिकोतील आपल्या मुखापर्यंत पोहोचतच नाही. २०२१ साली नेवाडाने कायदा केला, की केवळ शोभेसाठी राखलेल्या सार्वजनिक व व्यापारी जागांवरील गवताला २०२६ नंतर या नदीचे पाणी देऊ नये. अशा ठिकाणी खरे गवत दुसऱ्याच्या वाट्याचे पाणी पिते. खोटे गवत निदान तेवढे पाप करीत नाही. अर्थात त्याचेही दोष आहेतच. उन्हात ते एवढे तापते की अनवाणी पाय ठेववत नाही, आणि दहापंधरा वर्षांनी झिजले की माती त्याला आपल्यात सामावून घेत नाही.

तेव्हा खरे-खोटे एवढ्याच कसोटीवर हा प्रश्न सुटत नाही. या गवताचा जन्मच पाहा ना. १९६४ साली ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स येथे मोझेस ब्राउन या शाळेत ते प्रथम मोठ्या प्रमाणावर अंथरले गेले. शहरातल्या मुलांना खेळायला जागा मिळावी, हा त्यामागील एक हेतू होता. पुढे ह्यूस्टनच्या छप्पर असलेल्या ॲस्ट्रोडोम क्रीडागारात छतातून येणारी चकाकी कमी करण्यासाठी छताला रंग दिला गेला. उजेडाअभावी आतले गवत मेले, आणि १९६६ साली तेथे हेच प्लॅस्टिकचे गवत आले. त्यावरून त्याला 'ॲस्ट्रोटर्फ' हे नाव मिळाले. सारांश, ज्यांच्या वाट्याला मैदान नव्हते त्यांच्यासाठी शोधलेली वस्तू आज कुंपणाआड, एका घरापुरती अंथरली जात आहे.

आता दुसरे चित्र पाहू. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज हे गोल्फचे माहेरघर. तेथील जुने मैदान, मोठ्या स्पर्धांचे अपवाद सोडल्यास, रविवारी खेळासाठी बंद असते. गवताला विसावा हवा असतो. त्या दिवशी खेळाडू बाजूला होतात आणि गावकरी मुलांना, कुत्र्यांना घेऊन त्या हिरवळीवर फिरायला येतात. गवत थकते, म्हणूनच इतरांना जागा मिळते.

लेवीय या पुस्तकातील आज्ञेचे मर्म आम्हांला येथे नव्याने कळले. सातव्या वर्षी जमिनीला शब्बाथ द्यावा, आणि त्या वर्षी आपोआप जे उगवेल ते मालकाबरोबर दासाला, मजुराला, परक्याला, गुरांना व रानातल्या जनावरांनाही मिळावे, असे तेथे सांगितले आहे. भूमीचा विसावा आणि परक्याचा वाटा या दोन गोष्टी एकाच आज्ञेत गुंफलेल्या आहेत. जे कधी थकत नाही ते आपल्याला कधीच 'आता पुरे' म्हणत नाही. आणि आपण थांबलोच नाही, तर दुसऱ्याची पाळी यायची केव्हा?

म्हणून परसात कृत्रिम हिरवळ घालणाऱ्याला आम्ही दोषी धरणार नाही. मात्र एक प्रश्न त्याने स्वतःला विचारावा: या हिरवळीने कोणासाठी दार उघडले? हाच प्रश्न आपल्यालाही चुकलेला नाही. आपल्याकडेही आता जागोजागी 'टर्फ' झाली आहेत. दिव्यांच्या झगझगाटात तेथे रात्री उशिरापर्यंत खेळ चालतो आणि भाडे तासावर मोजले जाते. चिखल नाही, धूळ नाही, पावसाची अडचण नाही. ही सोय नाकारण्याचे कारण नाही. पण जाळीच्या बाहेर उभे राहून आतला खेळ पाहणारे मूल कोणाचे आहे, एवढे तरी आपण विचारू या. आठवड्यातून एक संध्याकाळ ती जाळी त्याच्यासाठी विनामूल्य उघडली, तर विसावा न मागणाऱ्या त्या हिरवळीलाही तिचा रविवार मिळेल.