उत्सवानंतरचे मनन

त्रिपुरी पौर्णिमेचे दिवे विझले की घराघरांत एक निराळीच शांतता उतरते. श्रावणापासून सुरू झालेली सणांची मालिका त्या दिवशी संपते. गोकुळाष्टमी, गणपती, नवरात्र, विजयादशमी, दीपावली, तुळशीचे लग्न. वंगदेशात दुर्गापूजा, बिहारात छठ, व्रजात अन्नकूट, काशीत देवदीपावली. नावे निराळी, धांदल सारखीच. आकाशकंदील उतरविला जातो, पाहुणे परतलेले असतात, फराळाच्या डब्यांच्या तळाशी चुरा उरलेला असतो, आणि खर्चाची वही उघडण्याचे धैर्य गृहस्थाला होत नाही.

उत्सवांना दोष देण्याचा येथे हेतू नाही. जो गृहस्थ देवाच्या निमित्ताने चार माणसांना घरी बोलावतो, अन्न वाटून खातो, वर्षभर न भेटलेल्या बहिणीला ओवाळणी घालतो, तो यज्ञच करीत असतो. प्रश्न उत्सवाचा नाही, उत्सवानंतरचा आहे. भगवंतांनी चौदाव्या अध्यायात तीन गुण एकमेकांना कसे दडपतात हे सांगितले आहे. आपला अनुभव असा की, रजोगुणाचा वेग ओसरला म्हणजे त्याची जागा सत्त्वगुण आपोआप घेत नाही. बहुधा तमोगुणच घेतो. सण संपताच एक तर आणखी काहीतरी हवे अशी हुरहूर लागते, नाही तर अंगात सुस्ती भरते. दुपारी लोळत राहणे म्हणजे विश्रांती, आणि विश्रांती म्हणजेच शांती, अशी आपली समजूत होऊन बसते. शरीर थकले असेल तर त्याने अवश्य झोपावे. आहार, विहार, निद्रा यांत युक्त असावे असे सांगणाऱ्या भगवंतांना त्यात काही वावगे वाटणार नाही. परंतु झोपेने मनन होत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलावयास हवी. घरातील पुरुष पौर्णिमेनंतर आसन घालून डोळे मिटतो, आणि ज्या गृहिणीने महिनाभर चुलीपुढे उभे राहून सण पार पाडला ती त्याच वेळी पितळेची भांडी घाशीत असते. या मननाला काय म्हणावे? आधी तिच्या हातातील भांडे घ्यावे. मग दोघांनी मिळून बसावे.

आता गीतेचा उपदेश कोणत्या स्थितीत झाला ते पाहू. पहिल्या अध्यायाच्या आरंभी केवढा कोलाहल आहे! शंख, भेरी, पणव, आनक, गोमुख एकदम वाजू लागतात. त्या नादाने आकाश आणि पृथ्वी दुमदुमून जाते. शस्त्रे आता सुटणार अशा क्षणी अर्जुन म्हणतो की, माझा रथ दोन्ही सेनांच्या मध्ये उभा कर. भगवंत रथ उभा करतात. पुढील सर्व उपदेश त्या उभ्या रथात झाला आहे. शंख वाजत असताना, घोडे धावत असताना तो झाला नाही. आणि अर्जुन शिबिरात जाऊन निजला असता तर तेव्हाही झाला नसता. रथ रणातच होता, परंतु थांबलेला होता. गृहस्थाने थांबावयाचे ते असे. घर सोडून जावयाचे नाही, काम टाकावयाचे नाही. कामाच्या मध्यभागी लगाम ओढून समोर कोण कोण उभे आहे ते नीट पाहावयाचे.

पण एवढ्याने भागत नाही, हेही महाभारतच सांगते. अठराव्या अध्यायाच्या शेवटी अर्जुन म्हणतो की, माझा मोह गेला, मला स्मृती लाभली. पुढे युद्ध झाले, विजय मिळाला, राज्य आले. आश्वमेधिक पर्वात असे वर्णन आहे की, विजयानंतर इंद्रप्रस्थात श्रीकृष्ण आणि अर्जुन आनंदात दिवस घालवीत होते. श्रीकृष्णांची द्वारकेस परतण्याची वेळ जवळ आली, तेव्हा अर्जुन म्हणाला की, युद्धाच्या आरंभी आपण जे सांगितले होते ते माझ्या चित्तातून नाहीसे झाले आहे, पुन्हा सांगावे. श्रीकृष्णांना हे रुचले नाही. ते मी योगयुक्त होऊन सांगितले होते, तसेच सर्व पुन्हा सांगता येणे शक्य नाही, असे ते म्हणाले, आणि मग एका प्राचीन इतिहासाच्या आधारे जे सांगितले त्याला अनुगीता म्हणतात.

वाचकहो, या प्रसंगाचा मी जितका विचार करतो तितकी भीती वाटते. ज्याने प्रत्यक्ष ऐकले, ज्याने विश्वरूप पाहिले, ज्याने आपल्या तोंडाने ‘स्मृती लाभली’ म्हटले, तो विसरला. आणि विसरला केव्हा? संकटात नव्हे, विजय मिळाल्यावर, सुखाच्या दिवसांत. मग सण साजरे करून तृप्त झालेल्या तुम्हा-आम्हाला विसर पडला तर नवल काय?

म्हणूनच भगवंत उपदेशाच्या अखेरीस म्हणतात की, मी सांगितलेल्याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर. ‘मी सांगतो म्हणून कर’ असे ते म्हणत नाहीत. हा विचार घाईने होत नाही. सहाव्या अध्यायात मन आवरण्याची रीत सांगताना ‘हळू’ या अर्थाचा शब्द त्यांनी लागोपाठ दोनदा योजिला आहे.

विनोबांची गीता-प्रवचने सर्वांना ठाऊक आहेत. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात ती झाली, आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी एक, अशी अठरा प्रवचने. आज कोणी अठरा अध्याय एका बैठकीत संपवितो आणि त्यास किती मिनिटे लागली ते सांगतो. पारायणाचे पुण्य मी नाकारीत नाही. परंतु त्या तुरुंगातल्या श्रोत्यांना एका अध्यायानंतर पुढच्या अध्यायासाठी सात दिवस थांबावे लागले, त्या सात दिवसांत काय मुरले असेल, याचा हेवा वाटतो.

आपल्यालाही अशी सवड पंचांगाने ठेवली आहे. दहाव्या अध्यायात भगवंतांनी सर्व महिन्यांमध्ये मार्गशीर्षाला आपली विभूती म्हटले आहे. उत्तरेकडील पौर्णिमान्त गणनेत कार्तिकी पौर्णिमा संपताच तो लागतो. आपल्या अमान्त गणनेत अमावास्येनंतर. गणना कोणतीही असो, त्याच्या शुद्ध एकादशीला गीताजयंती येते. पौर्णिमेपासून त्या दिवसापर्यंत सव्वीस तिथी मिळतात. सणांची झुंबड नाही, हवा थंड, रात्र मोठी. या दिवसांत रोज एकच श्लोक घ्यावा, आणि मन तेथे रमले तर तोच दुसऱ्या दिवशीही घ्यावा. शब्द सुटा करून त्याच्यापुढे बसावे. मन पळेल, पळाले की परत आणावे. पुन्हा पळेल.

हे मी अधिकाराने सांगत नाही. काही वर्षांपूर्वी सहाव्या अध्यायातील नववा श्लोक मी असा घेऊन बसलो होतो. सुहृद, मित्र, शत्रू, उदासीन, मध्यस्थ, द्वेष्य, बंधू, साधू, पापी अशा नऊ प्रकारच्या माणसांविषयी ज्याची बुद्धी सम, तो श्रेष्ठ, असा त्याचा भाव. लहानपणापासून तो मला पाठ आहे. म्हणताना तो एका श्वासात संपतो. त्या वर्षी तिसऱ्या दिवशी ध्यानात आले की, ‘द्वेष्य’ आणि ‘बंधू’ हे शब्द त्यात एकमेकांना खेटून उभे आहेत. एवढी वर्षे मी त्यांच्यावरून धावत गेलो होतो.

माझ्या थोरल्या बंधूंशी वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून माझे सात वर्षे बोलणे नव्हते. त्या दिवाळीत भाऊबीजेला बहीण आली होती. दादांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली, असे तिने ओवाळतानाच हळूच सांगितले. मी ‘बरे’ म्हणालो आणि बैठकीतल्या पाहुण्यांकडे वळलो. घरात वीस माणसे होती; वळणे सोपे होते. आता घरात कोणी नव्हते, आणि ते दोन शब्द समोरून हालत नव्हते. चौथ्या दिवशी मी तो श्लोक सोडून दुसरा घेतला. मन लागले नाही. पाचव्या दिवशी पुन्हा तोच घेतला.

त्या संध्याकाळी पत्र लिहिले. वाटणीचा उल्लेख केला नाही. डोळे कसे आहेत एवढेच विचारले. उत्तर गीताजयंतीच्या आदल्या दिवशी आले. अक्षर वहिनींचे होते, कारण दादांना लिहिण्या-वाचण्याची अजून मनाई होती. खाली सही मात्र त्यांनी स्वतः केली होती. ओळ सोडून, वाकडी.