ताल कोणाचा?

मंडळी, गणेशोत्सवात आपल्या देवळाच्या हॉलमध्ये आरती सुरू झाली की दर वर्षी एक गंमत होते. पुढच्या रांगेतला एक उत्साही झांजवाला हळूहळू लय वाढवतो. मागची मंडळी अजून आधीच्याच कडव्यात असतात, तोवर हा पुढच्या कडव्यात पोचलेला! त्याचा ताल पक्का असतो, फक्त तो त्याच्या एकट्याचा असतो.

नोकरीत माझेही असेच झाले होते.

पुण्याला एम.बी.बी.एस. करून मी अमेरिकेत आलो आणि गेली पंचवीसहून अधिक वर्षे इस्पितळात काम करतो आहे. आपण झटपट काम उरकतो याचा मला फार अभिमान. सकाळी सातला राउंड सुरू करायचा, अठरा पेशंट एका दमात तपासायचे आणि मग कॉफी घेऊन कॉम्प्युटरसमोर बसून सगळ्यांच्या ऑर्डरी एकदम लिहायच्या. बाराच्या आत पाटी कोरी!

दहाबारा वर्षांपूर्वी वॉर्डची चार्ज नर्स मला शांतपणे म्हणाली, "डॉक्टर, तुमची सकाळ छान जाते. कधीतरी आमची दुपार बघायला या."

मी गेलो. अठरा जणांच्या ऑर्डरी एकाच तासात फार्मसीवर आदळल्या होत्या. घरी जाण्याइतके सकाळीच बरे झालेले एक आजोबा बूट घालून खाटेवर बसले होते. त्यांना न्यायला मुलगी रजा काढून आली होती. ती खाट रिकामी होत नव्हती, म्हणून खाली इमर्जन्सीत कोणीतरी स्ट्रेचरवर ताटकळत होते. मी वाचवलेला अर्धा तास ही सगळी माणसे मिळून फेडत होती.

फळाची आशा न धरता कर्म करावे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण संस्थेत काम करताना माझ्या कर्माचे फळ म्हणजे दुसऱ्याच्या कर्माची सुरुवात असते. त्या फळाचा लोभ नसावा, हे खरे. पण ते पुढच्याच्या हातात कधी आणि कसे पडते, याची फिकीर नसणे म्हणजे अनासक्ती नव्हे. तो निव्वळ बेफिकीरपणा.

मी क्रम बदलला. जो अत्यवस्थ त्याला आधी, यात बदल नाही. त्यानंतर घरी जाणारे. आणि ऑर्डर लिहायची ती पेशंटच्या खोलीतून बाहेर पडण्याआधी. आता माझा राउंड साडेबाराला संपतो. मी मंदावलो, पण वॉर्ड लवकर मोकळा होऊ लागला.

थांबणे हाही तालाचाच भाग आहे. शस्त्रक्रियेत भूल देण्याआधी, छेद घेण्याआधी आणि रोगी बाहेर नेण्याआधी, असे तीनदा थांबून सर्वांनी मिळून खात्री करायची, अशी १९ मुद्द्यांची यादी जागतिक आरोग्य संघटनेने तयार केली. नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ इस्पितळांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. २००९ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

याचा अर्थ संस्थेसाठी स्वतःला झिजवत राहावे, असा मुळीच नाही. अमेरिकेत २००३ साली निवासी डॉक्टरांच्या कामाला आठवड्याला सरासरी ८० तासांची मर्यादा घातली गेली. दमलेल्या माणसाचा चुकलेला ठोकाही शेवटी दुसऱ्यालाच सोसावा लागतो.

एक गोष्ट मात्र मनाला अजून टोचते. त्या नर्सला बोलायला धाडस करावे लागले. खरे तर मीच विचारायला हवे होते. आपण ऑफिसात असा, दुकानात असा की देवळाच्या स्वयंपाकघरात, आपल्यानंतर काम ज्याच्या हाती जाते त्याला एकदा विचारून पाहा, "माझ्यामुळे तुझे कुठे अडते का?" उत्तर ऐकायला जरा जड जाते, पण कामाला खरा ताल तिथूनच सापडतो.

आणि हो, पुढच्या रांगेतला तो झांजवाला कोण, हे तुम्ही ओळखले असेलच. यंदा मी मागच्या रांगेत उभा राहणार आहे.

गणपती बाप्पा मोरया!