चुन्यातलं ग्रीस

आमचे दाजी सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. कुठलीही जुनी इमारत दिसली की तिची झडती घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. चेन्नईला आमच्याकडे आले असताना त्यांनी ग्रीक देवळाच्या घाटाचा राजाजी हॉल पाहिला आणि जागच्या जागी निकाल देऊन टाकला : ‘नकली माल. ग्रीस बघायचं तर अथेन्सला जावं. इथे काय, विटांना चुना फासलाय नुसता.’ बहिणीचा नवरा, त्यात पाहुणा, त्यात जेवायची वेळ. मी गप्प बसलो. पण न दिलेलं उत्तर दिलेल्या उत्तरापेक्षा जास्त त्रास देतं.

पेरिक्लीज, पार्थेनॉन, सॉक्रेटिसचा विषाचा पेला ही मंडळी शाळेपासून आपल्या ओळखीची आहेत. त्यांना नमस्कार करून थेट चुन्याकडे वळतो, कारण दाजींचा खरा राग चुन्यावर होता.

मद्रासचा चुना म्हणजे भिंतीला मारायची सफेदी नव्हे. शिंपले भाजून, त्यांची भुकटी मळून, शेवटच्या थरात अंड्याचा बलक वगळून पांढरं, दही, तूप असलं काय काय घालून, गुळगुळीत दगडाने घोटून घोटून त्याला अशी झळाळी आणत की बोटीतून उतरणारे युरोपीय प्रवासी त्याला संगमरवर समजत. ही फसवणूकच, असं दाजी म्हणतील. मग ऑलिंपियाच्या झ्यूसच्या देवळाचं काय करायचं? इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातलं ते ग्रीसचं पहिल्या मानाचं देऊळ. फिडियसने घडवलेली झ्यूसची सोन्याहस्तिदंताची मूर्ती त्यातच होती. ते बांधलं तिथल्याच शिंपलेमिश्रित खडबडीत चुनखडीच्या दगडात, आणि तो खडबडीतपणा झाकायला वरून पांढऱ्या गिलाव्याचा हात दिला. संगमरवर होता तो अथेन्सकडे, शेजारीच पेंटेलिकॉनचा डोंगर असल्यामुळे. आणि अथेन्सनेही तो संगमरवर जागोजागी निळ्यातांबड्या रंगांनी रंगवला होता. आज आपण ज्याला ग्रीक शुभ्रता म्हणतो, ती बरीचशी पावसाने धुतलेल्या रंगाची गोष्ट आहे. तेव्हा चुन्याच्या मुद्द्यावर दाजींचा दावा मी खर्चासह फेटाळतो.

पण नकलीपणाचा आरोप तेवढ्याने मिटत नाही. इमारतींबद्दल विचार करताना मी फार दिवस एक भेद धरून बसलो आहे : एक इमारतीचं कुळ आणि दुसरं तिचं काम. ती कुणाच्या पोटी जन्मली हा पहिला प्रश्न. तिच्यात माणसं काय करतात हा दुसरा. पर्यटक पहिला प्रश्न विचारतो, गावकरी दुसरा. आणि माझं मत असं की इमारतीचा निवाडा दुसऱ्या प्रश्नावर व्हावा.

या मताला खुद्द अथेन्समधून साक्षीदार मिळतो. अगोराच्या टेकाडावरचं हेफेस्टसचं देऊळ. त्याच्या शिल्पपट्ट्यांवर थेसियसचे पराक्रम कोरलेले असल्यामुळे शतकानुशतकं लोक त्याला थेसियसचं देऊळ म्हणत राहिले. खरं तर ते लोहारांच्या देवाचं, भोवतीची वस्तीही धातुकाम करणाऱ्यांची. ग्रीक देवळांत हे सगळ्यांत धडधाकट राहिलेलं. का? तर सातव्या शतकाच्या सुमारास त्याचं सेंट जॉर्जचं चर्च झालं आणि १८३४ पर्यंत ते चर्चच होतं. म्हणजे हजाराहून जास्त वर्षं कुणीतरी झाडत होतं, छप्पर शाकारत होतं, पडझड झाली की कुरकुरत का होईना दुरुस्त करत होतं. १८३४ मध्ये अथेन्स नव्या ग्रीक राज्याची राजधानी झाली, बव्हेरियाहून आणलेल्या राजा ओटोच्या स्वागताची प्रार्थना तिथे झाली, आणि त्यानंतर देऊळ ‘प्राचीन वास्तू’ झालं.

या देवळाचा एक वंशज आमच्या चेन्नईत, एन. एस. सी. बोस रोडवर उभा आहे. पच्चैयप्पा हॉल. पच्चैयप्पा मुदलियार हे अठराव्या शतकातले दुभाषी, म्हणजे इंग्रज व्यापारी आणि देशी बाजार यांच्यामधले दलाल. चाळिशीत, १७९४ मध्ये, वारले. धर्मादायासाठी ठेवलेला पैसा कोर्टकज्ज्यांत कित्येक वर्षं अडकला. शेवटी त्यातून शाळा निघाली आणि १८४६ ते १८५० या काळात शाळेसाठी ही इमारत उठली, ‘थेसियसच्या देवळा’चा नमुना समोर ठेवून. उद्घाटनाला गव्हर्नर सर हेन्री पॉटिंजर. संस्थेत प्रवेश फक्त हिंदूंना, तो नियम थेट १९४७ पर्यंत टिकला. तमिळ दुभाष्याचा पैसा, लोहारदेवाचं चुकीच्या नावाने ओळखलं जाणारं ग्रीक देऊळ, इंग्रज गव्हर्नर आणि आत फक्त हिंदू पोरं! यात नक्कल नेमकी कुणी कुणाची केली ते दाजींनी एकदा मला उलगडून सांगावं. या संस्थेच्या कॉलेजात रामानुजन शिकले आणि गणित सोडून बाकी विषयांत नापास झाले. पुढे अण्णादुराई तिथेच शिकले.

तारखांकडेही जरा बघा. १८३९ मध्ये अथेन्समध्ये विद्यापीठाच्या इमारतीचा पाया घातला, आर्किटेक्ट ख्रिस्तियान हान्सेन नावाचा डेन्मार्कचा माणूस. पुढे त्याच्या भावाने, थिओफिल हान्सेनने, तिथल्या अकादमीची इमारत योजली. खांब, त्रिकोणी मथळे, सगळं प्राचीन वळणाचं. म्हणजे बव्हेरियन राजा आणि डॅनिश वास्तुकार मिळून अथेन्समध्ये नवं ‘प्राचीन ग्रीस’ बांधत होते, तेव्हाच मद्रासमध्ये मुदलियारांचे विश्वस्त तेच करत होते. मधल्या काळात अथेन्सने ते वळण जपून ठेवलं होतं असंही नाही. स्टुअर्ट आणि रेव्हेट या दोन इंग्रजांनी अथेन्सची देवळं मोजून काढून १७६२ पासून त्यांचे ग्रंथ छापले. तिथून ही हौस युरोपभर पसरली. मुंबईचा टाउन हॉल, म्हणजे आपली एशियाटिक, १८३३ ची, याच पिढीतली. या सगळ्या सख्ख्याचुलत बहिणी. त्यांतली एक आईच्या गावी राहते एवढ्यावरून ती जास्त खरी?

इथे दाजींचा एक मुद्दा मात्र मला मान्य करावा लागतो, आणि तो त्यांनी मांडलेलाही नव्हता. राजाजी हॉलचं काम निरागस नव्हतं. १८०२ मध्ये तो बँक्वेटिंग हॉल म्हणून उघडला. बांधवून घेणारा गव्हर्नर एडवर्ड क्लाइव्ह, प्लासीच्या क्लाइव्हचा मुलगा. बांधणारा जॉन गोल्डिंगहॅम, मूळचा मद्रास वेधशाळेचा खगोलशास्त्रज्ञ. प्लासी आणि श्रीरंगपट्टण या दोन विजयांचं ते स्मारक. एक बापाचा विजय, दुसरा स्वतःच्या कारकिर्दीतला. टिपू पडून तीनच वर्षं झाली होती. इकडे भिंती चढत होत्या तेव्हाच, १८०१ पासून, तिकडे लॉर्ड एल्गिनची माणसं पार्थेनॉनवरची शिल्पं उतरवत होती. एका हाताने ग्रीस उचलायचं, दुसऱ्या हाताने लादायचं. खांब इथे बोलतात ते ‘आम्ही जिंकलो’ एवढंच.

जरा आडवाटेला जातो, कारण खांब म्हटलं की मला कार्ल्याचं लेणं आठवतंच. तिथल्या चैत्यगृहात बऱ्याच खांबांवर ते कुणी दिले याची नोंद आहे, आणि त्यांत धेनुकाकटचे ‘यवन’ एकदोन नव्हेत, चांगले मूठभर आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यांत तर इंद्राग्निदत्त नावाचा उत्तरेकडचा, दत्तामित्रीचा योनक आख्खं लेणं खोदवून देतो. जुन्नरलाही यवन दाते आहेत. ही माणसं रक्ताने किती ग्रीक होती यावर विद्वानांनी खुशाल भांडावं. नावं तर बहुतेकांची आपल्याकडचीच. मला कौतुक वेगळं वाटतं. स्वतःला यवन म्हणवणाऱ्यांनी सह्याद्रीत पैसा दिला, तेव्हा खांब उभे राहिले ते बुडाशी घट आणि माथ्यावर हत्तींवर बसलेली जोडपी असलेले. अथेन्सची आठवण म्हणून एकही नाही. ज्यांचा ग्रीसशी काही संबंध असू शकतो, ते आपले खांब देतात. ज्यांचा ग्रीसशी संबंध पुस्तकापुरता, ते ग्रीक खांब देतात. शिवाय कार्ल्याचं छत म्हणजे लाकडी बांधणीची दगडातली नक्कल, वर खरोखरीच्या लाकडाच्या कमानी बसवलेल्या. ग्रीक देवळाबद्दलही रोमन लेखक व्हिट्रूव्हियस तेच सांगतो : ती दगडी नक्षी म्हणजे जुन्या लाकडी तुळयांची टोकं. सगळीच नक्कल असेल तर नकलीपणाचा आरोप ठेवायचा कुणावर?

परत राजाजी हॉलकडे. १९४८ मध्ये त्याला राजगोपालाचारींचं नाव मिळालं आणि काम पार बदललं. इथे तमिळ जनता आपल्या नेत्यांचं अंत्यदर्शन घेते. अण्णादुराई १९६९ मध्ये. खुद्द राजाजी १९७२ मध्ये. एम. जी. आर. १९८७ मध्ये, उशाशी तासन् तास उभ्या जयललिता. जयललिता स्वतः २०१६ मध्ये, बाहेर पायऱ्यांवर ठेवलेल्या. करुणानिधी २०१८ मध्ये. आणि १९७३ मध्ये पेरियार : आयुष्यभर देव नाकारलेला, भर रस्त्यात गणपतीच्या मूर्ती फोडलेला माणूस, देवळाच्या घाटाच्या इमारतीत, आणि तीही ज्यांच्याशी जन्मभर वैर आणि दोस्ती दोन्ही केली त्या राजाजींच्या नावाची.

ग्रीक देवळातही भाविकांची गर्दी आत जात नसे. वेदी बाहेर, यज्ञ बाहेर, माणसं बाहेर. आत फक्त मूर्ती. आतला नाच आणि मेजवान्या ही क्लाइव्हची टूम. म्हणजे बाहेर लाखाची गर्दी जमवून चेन्नईनेच या इमारतीला खऱ्या ग्रीक कामाला लावलं, असा विजयी युक्तिवाद मी मनात रचत आणला होता. तो दोन ठिकाणी फसला.

पहिलं, काम म्हणजे सगळं भलंच असं नाही. तुर्कांनी पार्थेनॉनमध्ये दारूगोळा ठेवला, तेही कामच. १६८७ मध्ये व्हेनिसच्या मोरोसिनीच्या तोफेचा गोळा त्यावर पडला आणि दोन हजार वर्षं उभं राहिलेलं मध्येच उडालं. राजाजी हॉलच्या शेजारचं जुनं गव्हर्नमेंट हाउस नव्या विधानसभेसाठी पाडलं, तेही कामासाठीच. आणि ती नवी विधानसभा २०१४ पासून सरकारी हॉस्पिटल आहे. तेव्हा भेद कुळ आणि काम एवढा सरळ नाही. पुढच्या कामाला जागा ठेवणारं काम, आणि न ठेवणारं काम. सेंट जॉर्जच्या पाद्र्यांनीही हेफेस्टसच्या देवळाची मोडतोड केली होती, पण सुधारता येईल इतकी.

दुसरी गोष्ट जास्त अडचणीची. ग्रीक देवळाला पायऱ्या असतात त्या चारी बाजूंनी, बहुधा तीन, आणि पार्थेनॉनच्या तर इतक्या उंच की माणसाला सहज चढता येणार नाहीत. त्या चढायला नाहीतच, देवळाला बैठक म्हणून आहेत. उंच जोत्यावर इमारत आणि समोरून रुंद जिना, ही रोमन रीत. म्हणजे ज्या पायऱ्यांवर या शहराने माणसं निजवली, ज्यांच्यासमोर ते रडलं, धक्काबुक्की केली, त्याच पायऱ्या ग्रीक नाहीत. ग्रीक आहेत ते वरचे खांब आणि तो त्रिकोण, आणि त्यांच्याशी इथल्या कुणालाही काही घेणंदेणं नाही.

तेव्हा कुळाच्या बाबतीत दाजी म्हणतात त्याहून ही इमारत जास्त नकली निघाली, आणि तिला वाचवावी असं मला अधिकच वाटू लागलं. फक्त कोणती इमारत, यावर आता माझं मत वारसावाद्यांना आवडणार नाही. अथेन्सने अ‍ॅक्रोपोलिसवरून मशीद काढली, १८७५ मध्ये मध्ययुगातला फ्रँकांचा मनोरा उतरवला, आणि पेरिक्लीजचा काळ तेवढा शिल्लक ठेवला. राजाजी हॉलच्या दुरुस्तीत कुणी तसा गोल्डिंगहॅमचा १८०२ चा चेहरा शोधायला निघालं, नंतर जोडलेलं काढायला लागलं, तर मी विरोध करेन. पैसा अपुरा पडला तर त्रिकोणाचा गिलावा राहू द्या. आधी जिना पक्का करा, त्याच्या कडा झिजल्यात तशाच ठेवून.