निर्जळीचा कर्ता कोण?
ज्येष्ठ शुद्ध एकादशीला निर्जळा किंवा भीमसेनी म्हणतात. खादाड भीमाला वर्षभराच्या एकादश्या झेपेनात, तेव्हा व्यासांनी त्याला ही एकच सांगितली, अशी कथा आहे. सवलत म्हणावी तर भलतीच कडक. ऐन उन्हाळ्यात पाण्याचा थेंब नाही! दुपार होईतो लघवी कमी होते, गडद पिवळी दिसू लागते. शरीर पाणी राखू लागलेले असते. व्रत करणाऱ्याला ना याची खबर, ना त्यावर त्याचा ताबा.

ही राखण कोण करते, हे केंब्रिजच्या अर्नेस्ट व्हर्नी यांनी १९४७ साली मांडले. कुत्र्याला भरपूर पाणी पाजायचे, लघवी वाढू द्यायची आणि मग मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मानेतल्या धमनीत खारट द्रावण सोडायचे. लघवी झपाट्याने कमी व्हायची. रक्ताचा खारटपणा शेकडा एक-दोनने वाढला, तरी मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधल्या पेशींना तो कळतो. पिट्यूटरी ग्रंथीच्या मागच्या भागातून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक रक्तात उतरते आणि मूत्रपिंडे पाणी परत शोषून घेतात.

इथवर सांख्य दर्शन मानणाऱ्यांना हरकत नसावी. त्यांच्या मते करते ती प्रकृती, पुरुष म्हणजे चैतन्य नुसते पाहते.

पण त्याच खारटपणातून तहानही लागते. स्वीडनच्या बेंग्ट अँडरसन यांनी १९५०च्या दशकात शेळ्यांच्या हायपोथॅलॅमसमध्ये खारट द्रावणाचे किंचितसे इंजेक्शन दिले. पाण्याची गरज नसलेली शेळीही घटाघटा पिऊ लागली. भीमसेनी करणारा मात्र पाण्याने भरलेल्या तांब्याशेजारी बसून राहतो. व्हॅसोप्रेसिन रोखणे त्याच्या हाती नाही, पिणे रोखणे आहे.

पाणी सोडण्याची ही वेगळी पायरी जैनांनी नेमकी ओळखली होती. तिविहार उपवासात उकळलेले पाणी चालते, चौविहारात तेही वर्ज्य. अन्न सोडणे आणि पाणी सोडणे त्यांनी एका मापाने मोजले नाही.

सांख्य म्हणतील, संकल्प करणारी बुद्धीही प्रकृतीचीच. उत्तर चोख आहे, पण जरा जास्तच सोयीचे. शेळीचे पिणे आणि भीमाचे न पिणे दोन्ही प्रकृतीच्याच खात्यावर टाकले, तर व्रताचे पुण्य कोणाच्या नावावर मांडायचे? पुरुष अकर्ता, त्याला ते घेता येत नाही. शेळीला कोणी देत नाही. भक्तिमार्गी फळ देवाला वाहून मोकळा होतो. ज्याच्या दर्शनात ईश्वरालाच जागा नाही, त्या सांख्याला ही वाटही बंद आहे.