मिठाची गुळणी

मान वर कर. इकडे बघ. अ‍ॅशच्या प्रयोगावरच्या प्रश्नाला तुला पैकीच्या पैकी गुण मीच दिलेत. तेव्हा ‘मॅडम, तेवढं लक्षात आलं नाही’ हे माझ्यापुढे चालणार नाही. लक्षात सगळं आलं होतं. तोंड उघडायचं नव्हतं.

होस्टेलच्या ग्रुपवर काय झालं ते मला कळलंय. शिष्यवृत्तीची यादी लागली. कुणीतरी तिचा फोटो टाकला, तुझ्याच वर्गातल्या एका मुलाच्या नावाखाली लाल रेघ ओढली आणि वर लिहिलं, ‘सरकारचे जावई’. मग एकामागून एक हसरे चेहरे. त्यातला एक तुझा. ज्याच्या वहीवरून तू संख्याशास्त्राची गणितं उतरवून घेतोस, त्याच्यावर तू हसलास. तो त्याच ग्रुपात आहे, हे ठाऊक नव्हतं? त्याने ते वाचलं असेल, हे सुचलं नाही?

‘सगळेच हसत होते.’ सगळे म्हणजे किती रे? ग्रुपात अख्खं होस्टेल आहे. हसली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पोरं. बाकीची गप्प. त्या गप्प पोरांना तू कोणत्या हिशेबाने हसणाऱ्यांत धरलंस? लाटाने आणि डार्ली या मानसशास्त्रज्ञांचा १९६८ चा धुराचा प्रयोग तू वर्गात फळ्यापाशी उभा राहून समजावून सांगितला होतास. खोलीत धूर येतोय. एकटा माणूस असला तर चारांतले तीन उठून सांगायला जातात. शेजारी दोन माणसं मख्ख बसवली की दहांतला एखादाच उठतो. धूर तोच. मनातून प्रत्येक जण अस्वस्थ. पण दुसरा शांत दिसतो, म्हणून काही झालंच नसेल असं जो तो धरून चालतो. हे तू इतरांना शिकवलंस आणि त्याच खोलीत स्वतः मख्ख बसलास. मख्ख तरी कुठे, हसत बसलास.

तुझ्या दुसऱ्या उत्तराचा मला जास्त राग आला. म्हणे, ‘माणूस गटापुढे वाकतोच, अ‍ॅशनेच दाखवलंय.’ अर्धवट घोकून शास्त्रामागे लपतोस? नीट आठव. एक रेघ दाखवायची आणि शेजारच्या तिनांतली तिच्याएवढी कोणती ते विचारायचं. इतकं उघड, की एकट्याने सांगितलं तर शंभरात एखादी चूक. भोवतीचे सगळे अ‍ॅशने आधीच पढवून ठेवलेले, ते एकमुखाने चुकीचं सांगतात. तेव्हा अशा फेऱ्यांतली तिसऱ्या हिश्शाहून थोडी जास्त उत्तरं चुकली. तेवढंच तुझ्या डोक्यात राहिलं, कारण तेवढंच तुझ्या सोयीचं. उरलेली जवळजवळ दोनतृतीयांश उत्तरं बरोबर होती, त्याचं काय? चारांतला एक जण एकदाही वाकला नाही, त्याचं काय?

आणि सगळ्यात मोठी गोष्ट तर तू गिळूनच टाकलीस. अ‍ॅशने पढवलेल्यांपैकी एकाला खरं उत्तर द्यायला लावलं. फक्त एकाला. चुका पाच-सहा टक्क्यांवर आल्या. तो एक कुणी पुढारी नव्हता. भाषण ठोकलं नाही, भांडला नाही. दिसलं ते बोलला, बस्स. त्या रात्री तो एक तू व्हायला हवा होतास. ‘हा फोटो हटव.’ चार शब्दसुद्धा नाहीत. तेवढ्याची वाट बघत किती पोरं मोबाइलकडे डोळे लावून बसली असतील, याचा विचार केलास? त्या मुलाचं तर सोडच.

‘मी जातपात मानत नाही, मॅडम. माझ्या मनात कुणाविषयी द्वेष नाही.’ नसेल. मानते मी. पण द्वेष लागतो कुठे? ताजफेलने १९७० च्या सुमाराला ब्रिस्टलमधली चौदा-पंधरा वर्षांची शाळकरी पोरं घेतली. तुम्हाला क्लेची चित्रं आवडतात, तुम्हाला कांडिन्स्कीची, असं सांगून दोन गट पाडले. खरं तर चिठ्ठ्या टाकाव्यात तसे. गटात कोण आहे ते माहीत नाही, भांडण नाही, स्वतःला दमडीचा फायदा नाही. तरी पैसे वाटताना पोरांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालतील, पण त्यांच्यापेक्षा जास्त हवेत, इथपर्यंत गेली. ताजफेल पोलंडचा ज्यू. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यातून लढताना जर्मनांच्या कैदेत पडला. सुटून आला तेव्हा घरची बहुतेक माणसं मारली गेली होती. माणसं ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ कशी होतात, हा प्रश्न त्याने परीक्षेतल्या गुणांसाठी घेतला नव्हता.

तिथे तासाभरात पाडलेले गट होते. इथले शेकडो वर्षांचे आहेत. मेसमध्ये खिडकीकडचं लांब टेबल कुणाचं आणि हात धुण्याच्या जागेजवळचं कुणाचं, हे कुठे लिहून ठेवलंय का? तरी पहिल्या आठवड्यात नवीन पोरांनाही ते कळतं. दोन वर्षं तू कोणत्या टेबलावर जेवलास? दुसऱ्या टेबलावर किती वेळा ताट घेऊन गेलास? द्वेष नाही म्हणून हात झटकू नकोस.

आता म्हणतोस, दोन्ही गटांना एकत्र बसवू, सहभोजन ठेवू. शेरीफचा १९५४ चा ओक्लाहोमातला उन्हाळी तळ विसरलास? बावीस पोरं, दोन टोळ्या, एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत गेलेली. नुसतं एकत्र जेवायला बसवलं, तर एकमेकांवर अन्न फेकलं. पुढे पाणी बंद पडलं आणि सगळ्यांना मिळून बिघाड शोधावा लागला, बंद पडलेला ट्रक दोरी लावून ओढावा लागला, तेव्हा कुठे हळूहळू वैर ओसरलं. पण त्या प्रयोगावर बोट ठेवून हा ‘दोन गटांतला वाद’ आहे असं मला सांगू नकोस. शेरीफने मुद्दाम एकाच थरातली, सारख्या घरांतली मुलं निवडली होती. तुमच्याकडे एक जण एकटा आहे, काही त्याच्यावर हसताहेत आणि बाकीचे गप्प आहेत. त्याने काय समजून घ्यायचं? ‘दोघांनीही थोडं समजून घ्यावं’ हे बोटचेपं वाक्य पुन्हा माझ्या कानावर नको.

तू मठ्ठ असतास तर मी एवढं बोलले नसते. वर्गात सगळ्यात आधी तुझा हात वर येतो. सगळ्यात अवघड शंका तुझ्या असतात. म्हणूनच चीड येते. डोकं आहे, आणि ते तू स्वतःचा बचाव करायला वापरतोस.

आज रात्री त्याच ग्रुपवर लिही. स्वतःच्या नावाने, सगळ्यांना दिसेल असं. ‘मी हसलो, ते चूक होतं. फोटो हटवा.’ पुढे ‘पण’ जोडू नकोस. पाच जण तुझ्यावरही हसतील, हसू देत. क्षेत्रसर्वेक्षणाच्या गटांची यादी सोमवारी लागेल. त्याचं आणि तुझं नाव एकत्र असेल, अहवालही एकच असेल. मात्र त्याला नको असेल तर त्याने मला येऊन सांगावं, मी बदलेन. तो हक्क त्याचा आहे, तुझा नाही. आणि उद्या माझ्या केबिनमध्ये ‘सॉरी मॅडम’ म्हणत येऊ नकोस. त्याची खोली तुझ्याच मजल्यावर आहे.