पहिल्या हाकेला

तेरणाकाठचं तेर हे संत गोरोबाकाकांचं गाव. काकांची एक गोष्ट धाराशिव जिल्ह्यात लहानथोरांना ठाऊक आहे. काका कुंभार. मडक्यांसाठी चिखल तुडवता तुडवता ते विठ्ठलनामात असे रंगले, की रांगत आलेलं पोटचं लेकरू पायाखाली गेलं तरी त्यांना पत्ता लागला नाही. पुढे देवाने लेकरू परत दिलं, असं कीर्तनकार सांगतात. पण ऐकणाऱ्या आयाबायांचा जीव त्या चिखलापाशीच अडकलेला असतो.

दुसरी गोष्ट थापटण्याची, म्हणजे मडकं थोपटायच्या लाकडी फळीची. संतमेळ्यात मुक्ताबाईंनी विचारलं, हे थापटणं कशाला? मडकं कच्चं की पक्कं ते पाहायला, असं सांगत काकांनी एकेका संताच्या डोक्यावर थापटणं वाजवलं. नामदेव रागावले आणि कच्चे ठरले.

मला ही दुसरी गोष्ट जवळची वाटते. कुंभाराचा एक हात मडक्याच्या आत, दुसऱ्यात थापटणं; जाड जागी जोर, पातळ जागी हलका हात. लक्ष ढळलं की मडकं गेलंच. तेर म्हणजे जुनी तगर नगरी. तिथली सातवाहनकाळातली मातीची भांडी गावातल्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात आहेत. घडवणारे कोण, कुणास ठाऊक. पण त्यांचा हात कसा चालला, ते आजही दिसतं.

'आजचा क्षण जगा' हे हल्ली ऊठसूट ऐकू येतं. आपण त्याचा अर्थ कुंभारासारखं लक्ष देणं असा नाही, तर रमून जाणं असा घेतो. मोबाइलमध्ये माणूस तासन् तास रमतो, लेकरू तीनदा 'बाबा' म्हणतं आणि आपण नुसतं 'हं' करतो. त्या रमण्यात आपण कुठेच नसतो.

आणि पावसाकडे डोळे लावून बसलेल्या शेतकऱ्याला 'उद्याची काळजी सोड' म्हणणं हा तर आगाऊपणा झाला. त्याला उद्याचा विचार करावाच लागतो. मात्र तो नुसता कपाळाला हात लावून बसत नाही. पेरणीआधी सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो, चार-सहा दिवसांनी कोंब मोजतो. सत्तर भरले तर बियाणं चांगलं, कमी भरले तर जास्त टाकायचं किंवा बदलायचं. पावसाचं काही हातात नसतं. दाणे मोजणं असतं. तेवढं नीट केलं की रात्री डोळा लागतो.

सुख म्हणतात ते बहुधा एवढंच. त्यासाठी डोळे मिटून बसायची गरज नाही. घरात कुणी हाक मारली, तर पहिल्याच हाकेला मान वर करावी. सुरुवात तिथून होते.